सायकल चौदा किलोची, वारा किती किलोचा?

शिरवळला चहाला थांबलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. वाईला गाडी ठेवायची आणि पसरणीचा घाट सायकलने चढून पाचगणी गाठायची, असा आमचा बेत होता. छोट्या हॅचबॅकच्या मागच्या दारावर पट्ट्यांचा कॅरियर लावून दोन सायकली बांधल्या होत्या. पुण्यापासून पावसाची भुरभुर चालू होती. चहा पिऊन परत आल्यावर मी सहज वरच्या पट्ट्यावर हात ठेवला. घरून निघताना तो तारेसारखा ताठ होता. आता त्याच्याखाली चार बोटं आरामात गेली. बक्कल जागचं हललं नव्हतं, हूकही दाराच्या कडेला नीट अडकलेले होते. मग जेमतेम पन्नास किलोमीटरमध्ये ताण गेला कुठे?

थोडा पावसात गेला. नायलॉन पाणी शोषतो, ओला झाला की नरम पडतो आणि किंचित लांबतो. पॉलिएस्टरचा पट्टा जवळजवळ पाणी पीत नाही, म्हणून पावसाळ्यात तोच बरा. पण उरलेला ताण खाल्ला तो गतिरोधकांनी आणि खड्ड्यांनी. त्या सकाळपासून छोट्या गाडीवर सायकल कशी न्यावी असं कुणी विचारलं, की मी आधी पट्ट्याचं गणित सांगतो.

दुकानात आपण सायकलचं वजन विचारतो. १४ किलो म्हणजे पिठाच्या डब्याएवढं, त्याने गाडीला काय होणार, असं मनात येतं. उभ्या गाडीपुरतं ते बरोबर आहे. गाडी धावायला लागली की सायकलचं वजन मागे पडतं आणि दोन वेगळ्या गोष्टी कामाला लागतात. मागे बांधलेल्या सायकलीला धक्का सतावतो आणि टपावरच्या सायकलीला वारा.

आधी मागचा कॅरियर घेऊ. त्याचे खालचे पाय बंपरवर किंवा दाराच्या खालच्या भागावर टेकतात आणि वरचे पट्टे दाराच्या वरच्या कडेला अडकतात. ही सरळसरळ तरफ आहे. दोन सायकलींचं वजन २८ किलो धरा आणि ते दारापासून सरासरी ४० सेंटिमीटर बाहेर लोंबतंय असं समजा. टेकू आणि हूक यांच्यात ७० सेंटिमीटरची उंची असेल, तर वरच्या पट्ट्यांवर मिळून २८ गुणिले ४० भागिले ७०, म्हणजे १६ किलोची ओढ येते. ही झाली उभ्या गाडीची गोष्ट. गतिरोधकावरून गाडी आपटली आणि क्षणभर तिप्पट गुरुत्वाचा हिसका बसला, तर तीच ओढ ४८ किलोंवर जाते आणि पुढच्याच क्षणी जवळजवळ शून्यावर येते. असा हिसका शेकडो वेळा बसला की पट्टा बक्कलमधून केसाकेसाने सरकतो, दाराखालचे रबरी पाय दबतात आणि चार बोटांची ढिलाई तयार होते.

म्हणून जड सायकल आधी, दाराला लागून बांधायची आणि हलकी बाहेरच्या बाजूला. बाहेर गेलेला प्रत्येक सेंटिमीटर तरफेची भुजा वाढवतो. पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ओढायचे, कारण ते सगळ्यात जास्त ढिले याच टप्प्यात होतात.

गाडीलाही ही तरफ जाणवते. स्विफ्टसारख्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये २.४५ मीटर अंतर आहे. कॅरियरसह ३५ किलो वजन मागच्या आसाच्या एक मीटर मागे लटकवलं, तर मागच्या चाकांवर ३५ नव्हे, जवळपास ४९ किलो येतात. वरचे १४ किलो पुढच्या चाकांवरून उचललेले असतात. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळते आणि वळणंही तीच चाकं घेतात. त्यात डिकी सामानाने गच्च भरली असेल, तर ओल्या चढावर पुढची पकड कमी झालेली कळते. म्हणून जड पिशव्या पुढच्या सीटच्या मागे, पायांशी ठेवाव्यात.

मागच्या कॅरियरची खरी अडचण रुंदीची आहे. मोठ्या माणसाची सायकल साधारण १.७ मीटर लांब असते. स्विफ्टची रुंदी १.७३५ मीटर, म्हणजे सायकल जेमतेम झाकली जाते. वॅगनआरची रुंदी १.६२ आणि अल्टोची १.४९ मीटर. अल्टोच्या मागे आडवी बांधलेली सायकल दोन्ही बाजूंनी दहा-दहा सेंटिमीटर बाहेर डोकावते, आणि शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराला ती दिसेलच असं नाही. अशा वेळी पुढचं चाक काढून सीटवर ठेवावं. सायलेन्सरच्या तोंडासमोर टायर येत नाही ना, तेही पाहावं. गरम धुराने रबर खराब होतं. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले गेले, तर मोटार वाहन नियमांचा भंग होतो. युरोपात सायकलींच्या मागे दिव्यांची आणि नंबरची वेगळी पाटी लावायची पद्धत आहे. आपल्याकडे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट आल्यापासून घरी रंगवलेल्या दुसऱ्या पाटीने भागत नाही. त्यामुळे सायकली प्लेटच्या आणि दिव्यांच्या वर धरणारा उंच बाकाचा कॅरियरच घ्यावा.

आता टप. पद्मिनी आणि अॅम्बेसेडरच्या टपाला कडेने पावसाची पन्हळ असायची आणि कॅरियरचे पाय त्या पन्हळीत घट्ट आवळले जायचे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीवरचं सामान त्याच पन्हळीच्या भरवशावर जायचं. आजच्या गाड्यांना ती पन्हळ नाही. आडव्या दांड्यांचे पाय दाराच्या चौकटीत आकड्यांनी अडकवावे लागतात. टपाची क्षमता गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. छोट्या गाड्यांना ती बहुधा ५० ते ७५ किलो असते आणि दांड्या, सायकलचे ट्रे, सगळं त्यात धरायचं असतं. दांड्या आणि दोन ट्रे मिळून १५ किलो झाले, तर ५० किलोच्या टपावर सायकलींसाठी ३५ उरतात. चौदा-चौदा किलोच्या दोन सायकली त्यात बसतात. वीस-वीस किलोच्या लोखंडी सायकली बसत नाहीत.

पण टपाचा खरा हिशेब वाऱ्याचा आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रोध चौपट होतो. ताशी १०० किलोमीटरला प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे ४७ किलो वजनाइतका दाब येतो. दोन सायकली आणि दांड्या मिळून वाऱ्याला ०.३ चौरस मीटरइतका अडथळा करतात असं धरू. हा माझा अंदाज आहे, पण उगाच फुगवलेला नाही. सायकलच्या गोल नळ्या दिसायला बारीक असतात, तरी वाऱ्याच्या दृष्टीने वाईट. तेवढ्याच जाडीच्या माशाच्या आकाराच्या पट्टीपेक्षा गोल नळी कितीतरी पट जास्त रोध करते. शिवाय टपावरून वाहणारा वारा गाडीच्या वेगापेक्षाही जास्त वेगाने पळतो. या हिशेबाने ताशी ६० ला ५ किलोची, ८० ला ९ किलोची आणि १०० ला १४ किलोची ओढ येते. जणू कोणी मागून दोरीने सतत खेचतंय.

गाडीला स्वतःला १०० च्या वेगात वारा आणि टायर मिळून साधारण ४५ किलोची ओढ असते. तीत १४ ची भर म्हणजे जवळपास तीस टक्के वाढ. पेट्रोलही त्याच सुमाराने वाढतं. ताकदीच्या भाषेत ही भर ३.९ किलोवॅटची होते. पट्टीचा सायकलपटू तासभर २५० वॅट देऊ शकतो. टपावरच्या दोन सायकली नुसत्या वाऱ्यातून पुढे न्यायला पंधरा पट्टीच्या सायकलपटूंची ताकद लागते. हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा मी आकडे तीनदा तपासले. वेग ८० वर आणला की हीच ताकद निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मागच्या दारावरच्या सायकली मात्र गाडीच्याच आडोशाला असल्याने वाऱ्याचा मारा बराच कमी खातात.

टपावरच्या रिकाम्या दांड्या गुणगुणतात, तो आवाज अनेकांनी ऐकला असेल. दांडीला वळसा घालून गेलेल्या हवेचे भोवरे तिच्या मागे एकदा वरून, एकदा खालून सुटतात. वाऱ्यात गाणाऱ्या तारांचा अभ्यास चेक भौतिकशास्त्रज्ञ विन्सेन्झ स्ट्रॉहल यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या नियमाने ३ सेंटिमीटर जाडीची गोल दांडी ताशी ८० ला सेकंदाला सुमारे १५० वेळा थरथरणारा सूर काढते. दांडीभोवती दोरी मळसूत्रासारखी गुंडाळली की भोवरे एका तालात सुटत नाहीत आणि आवाज बसतो. कारखान्यांच्या उंच धुराड्यांवर दिसणारी पिळाची पट्टी याच कामासाठी असते. फडफडणाऱ्या सपाट पट्ट्याला बांधताना अर्धा पीळ द्या, तोही गप्प होतो.

घाटात वारा कमी, पण तिथे टपाची दुसरी बाजू दिसते. माणसांसह ११०० किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर असेल, तर दोन मीटर उंचीवर ठेवलेले ४० किलो त्याला पाच सेंटिमीटरने वर नेतात. गाडी त्याने उलटत नाही, पण वळणावर जास्त कलते, आणि खंबाटकीच्या वळणांवर ते कळतं. उंचीचं भान तर ठेवावंच लागतं. सायकलीसह गाडी २.६ मीटरच्या वर जाते आणि अनेक मॉलच्या तळघरांची कमान २.१ मीटरची असते. मी डॅशबोर्डवर ‘वर सायकल आहे’ अशी चिठ्ठी चिकटवतो.

हल्ली व्हॅक्युमचे चोषक लावून टपावर सायकल बसवतात. सतराव्या शतकात ओटो फॉन गेरिके यांनी हवा काढलेले धातूचे दोन अर्धगोल घोडे जुंपूनही सुटत नाहीत हे दाखवलं होतं, तेच तत्त्व. १५ सेंटिमीटरचा एक चोषक समुद्रसपाटीला चांगल्या व्हॅक्युमवर १४० किलोंहून जास्त जोर धरतो. पण ती पकड हवेच्या दाबाची आहे, आणि पाचगणीला, १३०० मीटरवर, हा दाब साधारण १४ टक्के कमी असतो. धुळीचा एक कण कडेखाली राहिला तरी हवा आत शिरते. पत्रा ओल्या फडक्याने पुसूनच लावावा आणि प्रत्येक थांब्यावर चोषकाच्या पंपावरची खुणेची रेघ पाहावी.

माझं मत विचाराल तर एक सायकल आणि दोन माणसं असतील, तेव्हा कॅरियर घेऊच नये. मागची सीट पाडा, पुढचं चाक काढा (क्विक रिलीज नसेल तर १५ नंबरचा पाना लागतो), खाली जुनी चादर अंथरा आणि साखळीची बाजू वर करून सायकल आत आडवी करा. डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या मधे पुठ्ठ्याची घडी सरकवा. नाहीतर वाटेत ब्रेकचा खटका दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत बसत नाही. आणि सायकल आतही बांधाच. ताशी ५० चा वेग दशांश सेकंदात शून्यावर आला, तर १४ किलोची सुटी सायकल जवळजवळ २०० किलोच्या जोराने पुढच्या सीटवर येते.

दोन सायकली असतील तर मागचा कॅरियर घ्या. टप शेवटी, आणि घेतलाच तर ८० च्या आत चालवा. कार्बनच्या फ्रेमला मात्र टपावरचा, चाक किंवा फोर्क धरणारा ट्रे बरा. कार्बन धाग्याच्या दिशेने पोलादासारखा ताकदवान असतो, पण शिकंज्याने आडवा आवळला तर आतून तडकतो.

सहल संपली की कॅरियर आणि दांड्या काढून ठेवा. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतल्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला होता. त्या देशात गाड्यांच्या टपावरच्या कॅरियरपायी वर्षाला १० कोटी गॅलन, म्हणजे सुमारे ३८ कोटी लिटर पेट्रोल जास्त जळतं, आणि त्यातले कितीतरी कॅरियर रिकामेच फिरत असतात.