कोणाच्या गोठ्यात किती गाई?

दोस्तांनो, आधी एक कोडं सोडवा. एका देशात एकेका कळपात सरासरी सुमारे ४४० दुभत्या गाई. दुसऱ्या देशात बहुतेकांच्या गोठ्यात जेमतेम दोन-चार जनावरं. मग जास्त दूध कोणत्या देशाचं?

"पहिल्या!" म्हणालात ना? फसलात! पहिला देश न्यूझीलंड आणि दुसरा आपला भारत. न्यूझीलंडमध्ये वर्षाला साधारण २ कोटी टन दूध निघतं. आपल्याकडे गाई-म्हशींचं मिळून २३ कोटी टनांहून जास्त! दूध उत्पादनात आपण जगात पहिले आहोत.

पण ४४० गाई सांभाळायच्या कशा? न्यूझीलंडची हवा सौम्य, पाऊस भरपूर. त्यामुळे गाई जवळजवळ वर्षभर कुरणात चरतात. वैरण कापून गव्हाणीत टाकायचे कष्ट वाचतात. धारा काढायला यंत्रं असतात. काही ठिकाणी तर मोठा गोल चौथरा संथपणे फिरत असतो. गाय त्यावर चढते, एक फेरी होईपर्यंत तिचं दूध काढून होतं आणि ती खाली उतरते. मोजकी माणसं शेकडो गाईंचं काम उरकतात.

पूर्वी तिथेही कळप लहान होते. १९७४-७५ साली सरासरी ११२ गाई असत. आता कळप चौपट झालेत. पण कळपांची संख्या १८ हजारांवरून साडेदहा हजारांच्या आसपास आली आहे.

आपल्याकडे ४४० गाई म्हणजे दोन-दोनच्या हिशेबाने २२० घरं! प्रत्येक घरचं चार-सहा लिटर दूध शहरात कोण नेणार? त्यासाठी गावोगावी सहकारी दूध संस्था निघाल्या. गुजरातमधल्या आणंदला १९४६ साली ही वाट सापडली. पुढे १९७० साली डॉ. वर्गीस कुरियन यांच्या नेतृत्वाखाली 'दूध महापूर' योजना सुरू झाली आणि ती देशभर पोचली.

मात्र लहान गोठ्याला एक मोठा धोका असतो. २०२२ साली महाराष्ट्रात लंपी रोगाने हजारो जनावरं दगावली. ४४० गाईंतली एक गेली तर नुकसान होतंच. पण दोनातली एक गेली तर घरची निम्मी कमाई जाते. म्हणूनच वेळेवर लस टोचणं फार महत्त्वाचं.

आता तुमचं काम! गावातल्या दूध संकलन केंद्रावर एकदा सकाळी आई-बाबांबरोबर जा. किती जण दूध घालायला येतात आणि प्रत्येकाच्या किटलीत किती लिटर असतं, ते वहीत टिपा. शेवटी बेरीज करून बघा. किती गोठे मिळून एक टाकी भरते?