इतिहास परिषदेस प्रथमच जाणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी

१९३५ साली पुण्यास, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पुढाकाराने, केवळ आधुनिक इतिहासापुरती म्हणून जी भरली, ती भारतीय इतिहास परिषद आज प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक, भारतेतर देश व पुरातत्त्व अशा विभागांत एकाच वेळी चालत असल्यामुळे, सर्वत्र हजेरी लावण्याचा हव्यास धरणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदरी बहुधा पायपीटच पडते. तेव्हा कार्यक्रमपत्रिका हाती येताच आपल्या विषयास खरोखर लागू असे मोजके निबंध हेरून ठेवावे, आणि एखादा परक्या विभागातलाही. महसुलाचा अभ्यास करणाऱ्यास नाण्यांवरील निबंधातून कित्येकदा अकल्पित धागा गवसतो. स्वतःच्या निबंधाच्या वाचनास वेळ अल्प मिळतो, यास्तव संपूर्ण लेख उरकण्याचा अट्टहास सोडून मुख्य प्रतिपादन आणि त्यास आधारभूत असा एखादाच कागद, मग तो पेशवे दप्तराच्या रुमालातला असो वा ताम्रपट, तेवढा मांडावा. ज्येष्ठांची गाठ चहाच्या वेळी वा ग्रंथविक्रीच्या मेजापाशी घ्यावी, आणि ‘मार्गदर्शन करावे’ ही मोघम विनंती टाळून त्यांच्याच लेखनातील एक नेमकी शंका विचारावी. विद्वान मनुष्य स्तुतीपेक्षा शंकेने अधिक खुलतो, असे आमचे मत आहे. मार्गदर्शक सोबत असल्यास त्यांनी दोन-चार ओळखी अवश्य करून द्याव्यात. कोण काय म्हणाले याचे टिपण मात्र त्याच रात्री करावे, आणि ज्यांनी संदर्भ सुचविले त्यांस आठवड्याच्या आत पत्र धाडावे.