गावाचा आराखडा वाडीच्या अंगणात



नवे घर बांधायचे म्हटले की आपण किती विचार करतो! चूल कुठे मांडायची, गुरे कुठे बांधायची, पागोळ्यांचे पाणी कुणीकडे काढायचे, याची चर्चा महिनाभर चालते. घरातील आजीपासून नव्या सुनेपर्यंत प्रत्येकाचे त्यात काही म्हणणे असते. पण ते घर ज्या गावात उभे राहते, त्या गावाचे पुढच्या पाच वर्षांत काय व्हावे, हे मात्र बहुतेक ठिकाणी एका दुपारी चार माणसे कागदावर उतरवून मोकळी होतात. मग नळ येतो, पण विहीर आटलेली असते. रस्ता होतो, पण मोरी नसल्याने पाणी खाचरात घुसते. पैसा खर्च होतो आणि गाव होते तिथेच राहते.

कायद्याने ही दुपारची घाई आपल्यावर लादलेली नाही. १९९२ च्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. २०१५ सालानंतर ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली प्रत्येक ग्रामपंचायतीने आपला विकास आराखडा लोकांकडून विचारून करावा, असे ठरले. १५व्या वित्त आयोगाचा पैसा २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी आला, तेव्हा त्यातील ६० टक्के पाणी व स्वच्छता यांसाठी बांधलेला होता आणि ४० टक्क्यांचे काय करायचे ते गावाने ठरवायचे होते. शिवाय पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. म्हणजे ठरवायला पैसा असतो. प्रश्न आहे तो ठरवते कोण, याचा.

वाडी रिकामी, सभा भरलेली

आपल्या कशेळे भागाचेच पाहा. कर्जत-मुरबाड रस्त्यालगतची गावे वेगळी आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या वेगळ्या. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यामुळे पेज नदी उन्हाळ्यातही वाहते आणि त्या पाण्यावर तालुक्यात काही गावे उन्हाळी भात घेतात. उलट डोंगराकडच्या वाडीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही होळी झाली की हंडे घेऊन पायपीट सुरू होते. खालच्या गावाची गरज पाहून केलेला आराखडा वरच्या वाडीला कसा लागू पडेल?

त्यातही एक अडचण कोणी बोलून दाखवत नाही. ती आहे पंचांगाची. भात झोडून झाले आणि दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्टीवर जातात. ती परत येतात पावसाच्या तोंडावर. २६ जानेवारीची ग्रामसभा होते तेव्हा त्यांच्या घरांना काटेरी झाप लावलेला असतो. १ मेच्या सभेलाही तेच. जी माणसे सर्वांत गरजू, तीच सभेत नसतात.

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग हजार माणसांच्या गावाचा आराखडा वीस-पंचवीस जणांच्या सह्यांवर मंजूर होतो. यात कोणाचा कट नसतो. वेळ चुकलेली असते, एवढेच. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. वाफसा गेल्यावर वाल पेरला तर बियाण्याला दोष देऊन काय उपयोग?

म्हणून माझी सूचना अशी. १५ ऑगस्टच्या सभेत आराखडा करू नये. त्या दिवशी फक्त वाडीवार बैठकांच्या तारखा ठरवाव्यात. लावणी आटोपलेली असते, हळवे भात अजून कापणीला आलेले नसते आणि गौरी-गणपतीला बाहेरची माणसेही घरी येतात. या दिवसांत प्रत्येक वाडीची बैठक तिच्याच अंगणात घ्यावी. ती संध्याकाळी, स्वयंपाकाची वेळ टाळून घ्यावी. त्यात ठरलेले २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे ठेवावे. भट्टीचा मुकादम दारात येण्यापूर्वी आराखडा झाला पाहिजे.

जमिनीवरचा नकाशा

बैठकीत कागद काढला की लिहिता-वाचता येणारेच बोलतात. म्हणून प्रथम कागद दूर ठेवावा. सारवलेल्या अंगणात वाडीचा नकाशा काढावा. रांगोळीने रस्ते, राखेने पायवाटा, गेरूने ओढे दाखवावेत. भाताचे तूस पसरून खाचरे दाखवावीत. घराला एक दगड, विहिरीला वाटी आणि देवाच्या झाडाला एखादी डहाळी ठेवावी. या पद्धतीला अधिकारी लोक सहभागी ग्रामीण समीक्षा म्हणतात. ती १९९० च्या सुमारास आपल्या देशात रूढ झाली. पण रांगोळी काढायला आपल्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही.

पुरुषांचा नकाशा वेगळा, बायकांचा वेगळा आणि मुलांचा वेगळा असावा. पुरुष रस्ता, चावडी आणि बांध आधी काढतात. बायका पाण्याची वाट, लाकूडफाट्याचे रान आणि अंधाराची जागा दाखवतात. मुले शाळेच्या वाटेवरचा ओढा दाखवतात, जो श्रावणात ओलांडता येत नाही. तिन्ही नकाशे शेजारी ठेवले की गाव प्रथमच पुरते दिसते. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची तरतूद आहे. ती बायकांच्या नकाशाभोवती घ्यावी, म्हणजे ती नुसत्या सह्यांपुरती राहणार नाही.

नंतर निवड करावी. दहा कामे सुचली तर दहा खुणांवर दहा पाने ठेवावीत आणि प्रत्येक मोठ्या माणसाला पाच चिंचोके द्यावेत. ज्याला जे काम निकडीचे वाटते, तिथे त्याने चिंचोके टाकावेत. पाटलाचे पाच आणि मजुराचेही पाचच. मोजणी सर्वांसमोर करावी. ज्यांना कमी चिंचोके पडले त्यांचेही ऐकून घ्यावे, कारण एकट्या विधवेच्या घराकडची वाट मोजणीत नेहमीच मागे पडते.

निवडलेल्या कामांच्या तीन राशी कराव्यात. पहिली, श्रमदानाने होणारी. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर घातलेला वनराई बंधारा हे याचे उत्तम उदाहरण. पाऊस सरताना ओढा वाहता असतो तेव्हाच तो घालायचा, म्हणजे गुरांना आणि परसबागेला थंडीभर पाणी राहते. दुसरी, पंचायतीच्या पैशाने होणारी. तिसरी, सरकारी योजनेतून किंवा रोजगार हमीतून मागायची. पहिल्या राशीतील एक काम त्याच महिन्यात पुरे करावे. हाताला यश लागले की माणसे दुसऱ्या बैठकीला येतात.

आणखी एक गोष्ट. मुंबई-पुण्याच्या लोकांनी या भागात शेतघरांसाठी पुष्कळ जमिनी घेतल्या आहेत. जमीन विकणे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण कुंपण पडल्यावर पाणवठ्याची वाट, गुरचरण आणि स्मशानाचा रस्ता कुठे होता, यावर भांडणे होतात. अंगणातला नकाशा कागदावर उतरवून ग्रामसभेच्या ठरावाला जोडला, तर पुढच्या पिढीच्या हाती काही पुरावा राहील.

हे आपल्याला नवे नाही

काहीजण म्हणतील, आमच्या लोकांना हे जमणार नाही. त्यांना तालुक्याचा इतिहास सांगावा. माथेरानचे भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी त्यांनी गरीब शेतकऱ्यांना सावकारापासून वाचवण्यासाठी धान्यपेढी काढली होती. पुढील काळात कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांतून धान्यकोष उभे केले. पावसाळ्यात धान्य उसने घ्यायचे आणि सुगीला थोड्या वाढीसह परत करायचे, अशी ती रीत. किती द्यायचे, कोणाला द्यायचे, वाढ किती घ्यायची, हे ठरवणे म्हणजे नियोजनच नव्हे काय?

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९८९ पासून पोपटराव पवारांच्या पुढाकाराने ग्रामसभेतूनच गाव बदलले. तेथे दरवर्षी पडलेल्या पावसाचा हिशेब सभेत मांडतात आणि त्यावरून पिके ठरवतात. पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी कमी. केरळ राज्याने १९९६ साली लोकनियोजन मोहीम काढली आणि राज्याच्या योजनेतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पैसा स्थानिक संस्थांच्या हाती दिला. हिवरे बाजारची पिके किंवा केरळचे कागद आपल्याकडे आणून चालणार नाहीत. आणायची ती सर्वांनी बसून ठरवण्याची सवय.

तेव्हा येत्या १५ ऑगस्टला सभेला जाताना प्रत्येकाने एकच मागणी करावी: आमच्या वाडीच्या बैठकीची तारीख लिहून द्या. तारीख मिळाली की अंगण सारवून ठेवा, चिंचोके जमवा आणि शेजारच्या वयोवृद्ध बाबांना हात धरून आणा, कारण जुना झरा कुठे होता हे त्यांनाच माहीत असते. गाव करी ते राव न करी, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी अनुभवातूनच केली आहे. मात्र त्यासाठी सगळे गाव एका वेळी गावात असले पाहिजे.