हवेची होडी घेताय? आधी जाकीट घ्या

हळद शिजून, वाळून, पॉलिश होऊन वसमतच्या बाजारात जाऊ लागली की मजुरीचे हिशेब होतात. घरात दोन पैसे दिसू लागतात. त्याच सुमारास पुण्याला, मुंबईला, वाळूजला कंपनीत लागलेली मुले सुटी काढून घरी येतात. उन्हाळा अंगाची काहिली करीत असतो आणि जो तो पाण्याकडे धाव घेतो. अशाच एका घरात घडलेला संवाद आहे. मुलाने मोबाईल आईसमोर धरला आणि म्हणाला, "माय, ही पाहा हवेची होडी. हवा भरायची, पाण्यात सोडायची, काम झालं की घडी करून पिशवीत. मागवू का?" आई हळदीच्या हंगामात दिवसभर राबून आलेली. ती म्हणाली, "होडी मागव नाहीतर विमान मागव. आधी सांग, तुला पवता येतं का?" मुलगा गप्प झाला.

वाचक बंधू-भगिनींनो, या माउलीचा प्रश्न अगदी बरोबर होता. पण मुलाची हौसही चूक नव्हती. पाण्यावर निवांत तरंगावे, स्वतःच्या हाताने वल्हे मारावे, ही मौज पैसेवाल्यांनीच करावी असा काही नियम नाही. पूर्वी ही होडी आपल्या आवाक्यात नव्हती, आता थोडीफार आली आहे. तेव्हा घ्यायची असेल तर काय पाहून घ्यावी, किती खर्चावे आणि ती न्यावी कुठे, याचा नीट विचार केला पाहिजे.

या होडीला कयाक म्हणतात. लांब, अरुंद, बसायची जागा पाण्याला जवळजवळ टेकलेली, आणि दोन्ही टोकांना पाती असलेले एकच वल्हे. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ प्रदेशातील इन्युइट लोक लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून अशा होड्या करीत व त्यांतून शिकार करीत. हवेच्या होडीची कथा त्याहून गमतीची आहे. १८४० च्या दशकात पीटर हॉकेट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने रबर लावलेल्या कापडाचा एक झगा केला. एरवी अंगात घालायचा आणि नदी आडवी आली की हवा भरून त्याची होडी करायची. सोबतची छत्री उघडली की शीड तयार! इंग्रजी नौदलाला त्याचे फार कौतुक वाटले नाही, पण जॉन रे नावाच्या प्रवाशाने ध्रुव प्रदेशात हॉकेटची होडी खरोखरच वापरली.

आपल्याकडेही तरंगायच्या युक्त्या कमी नव्हत्या. पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून आपल्या आधीच्या पिढ्या विहिरीत पोहायला शिकल्या. नदी ओलांडायला गुळाच्या गुऱ्हाळातली काहील वापरलेली पुष्कळांनी पाहिली असेल. ट्रॅक्टरची ट्यूब तर अजूनही आहेच. काहींच्या नशिबी मात्र हौसेचा प्रश्नच नसतो. संभाजीनगर जिल्ह्यातील भिवधानोऱ्याची मुले शाळेसाठी थर्माकोलच्या तराफ्यावरून जायकवाडीचे पाणी ओलांडतात, ही बातमी २०२३ साली देशभर गाजली होती.

आता खरेदीकडे वळू. बाजारात इंटेक्स, बेस्टवे, डेकॅथलॉनची इटिविट अशी नावे दिसतात. किमती आज एक, उद्या एक, सणाला तिसरीच, म्हणून आकडा देत नाही. नावापेक्षा मापे वाचावीत. उदाहरणार्थ इंटेक्सची 'एक्सप्लोरर के-२' ही दोघांची कयाक सुमारे ३.१२ मीटर लांब व ९१ सेंटिमीटर रुंद आहे, आणि तिच्यावर १८० किलो वजनमर्यादा लिहिलेली असते. त्याच कंपनीची एकट्याची 'चॅलेंजर के-१' १०० किलोची आहे. ही मर्यादा म्हणजे त्यापुढे धोका आहे असे समजावे, तेवढे भरायलाच हवे असे नव्हे. लिहिलेल्या वजनाच्या पाऊण हिश्शापर्यंतच थांबावे, असे माझे मत आहे. १८० चा पाऊण हिस्सा १३५. नवरा ७० किलोचा, बायको ५५ ची, मिळून झाले १२५. डबा, पाण्याची बाटली आणि कपडे धरले की संपले. म्हणजे "लेकरू मध्ये बसेल की" हे म्हणायला जागाच उरत नाही. लेकराला न्यायचे तर दोघांतल्या एकाने काठावर थांबावे.

दुसरी गोष्ट कप्प्यांची. होडीत हवेचे किमान तीन स्वतंत्र कप्पे हवेत, दोन बाजूंचे दोन आणि तळाचा एक. एक फुटला तरी बाकीचे काठापर्यंत आणतात. एकाच कप्प्याची होडी कितीही स्वस्त असो, ते पोरांचे खेळणे आहे. तिसरी गोष्ट जाडीची. पीव्हीसी किती जाड आहे हे फोटोत कळत नाही, पण एक सोपी खूण आहे. सारख्या लांबी-रुंदीच्या दोन होड्या असतील तर जिचे स्वतःचे वजन जास्त, तिचे कापड बहुधा जाड. तळाला मागे बसवायची प्लॅस्टिकची पाती सोबत आहे ना, हेही पाहावे. ती नसेल तर अशी हलकी होडी प्रत्येक वल्ह्यासरशी डावी-उजवी वळत राहते आणि माणूस तासाभरात दमतो. पंप, वल्हे व ठिगळाचा संच किमतीत धरलेला आहे की वेगळा, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. स्वस्त दिसणारी होडी पुष्कळदा इथेच महाग पडते.

होडी घरी आली की त्याच दिवशी खोलीत फुगवावी आणि रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी थोडी सैल वाटली तर घाबरू नये, रात्रीच्या गारव्याने हवा आकसते. पण पार बसली असेल तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते पाहावे आणि परतीची मुदत संपायच्या आत परत करावी. हवा मात्र हाताच्या किंवा पायाच्या पंपानेच भरावी. आपल्याकडे कुणीतरी हमखास म्हणणार, "चला पंक्चरवाल्याकडे, दोन मिनिटांत भरून देतो." असे करू नका. मोटारीच्या चाकात तीस-बत्तीस पौंड हवा असते, तर या स्वस्त होड्यांना एक पौंडाच्या आसपास पुरते. काँप्रेसरची नळी लावली की होडीची शिवण गेलीच म्हणून समजा.

आणि आता त्या माउलीचा प्रश्न. आपल्या देशात २०२१ व २०२२ या दोन्ही वर्षांत प्रत्येकी ३५ हजारांहून अधिक माणसे पाण्यात बुडून गेली, असे सरकारी नोंदी सांगतात. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची होडी उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका दगावल्या. होडीत माणसे जास्त होती आणि बऱ्याच मुलांच्या अंगात जाकीट नव्हते. तेव्हा जेवढे पैसे ठरवले असतील त्यातला तिसरा हिस्सा आधी जाकिटांसाठी बाजूला काढावा आणि उरलेल्यात बसेल ती होडी घ्यावी. उरलेल्यात होडी बसत नसेल तर यंदा फक्त जाकिटे घ्यावीत. पुढच्या वर्षी होडी आली की ती लागणारच आहेत.

जाकिटातही फरक असतो. त्यावर न्यूटनमध्ये आकडा लिहिलेला असतो. ५० न्यूटनचे जाकीट ज्याला चांगले पोहता येते त्याच्यासाठी आहे. पोहता न येणाऱ्याने १०० न्यूटनचे घ्यावे. त्याची कॉलर मान पाण्यावर धरते. फुगवायची रंगीत खेळणी-जाकिटे यात मोडत नाहीत. घालून, पट्टे आवळून, कुणाला तरी खांद्याजवळ धरून वर ओढायला सांगावे. जाकीट कानापर्यंत सरकले तर ते मोठे आहे. लेकरांना वाढत्या मापाचे कपडे घेण्याची आपली सवय असते, ती इथे उपयोगाची नाही. त्यांच्या जाकिटाला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. भगिनींना एक सांगणे आहे. साडी नेसून या होडीत बसू नये. ओली साडी पायांभोवती गुंडाळली की पोहणारीलाही हालता येत नाही. पंजाबी ड्रेस बरा, पण ओढणी घरी ठेवावी.

मग होडी न्यायची कुठे? वसमतकरांना सगळ्यात जवळचे पाणी म्हणजे पूर्णेचा कालवा, आणि तीच जागा सगळ्यात वाईट. पाळी सुटली की कालव्याला ओढ असते. अस्तराचे उतार शेवाळाने इतके निसरडे होतात की जाणत्यालाही वर चढता येत नाही. पुढे मोरी किंवा दरवाजा आला की पाणी आत ओढून घेते. कालव्यात होडी नको म्हणजे नको. आसनेचेही तसेच. एरवी गरीब दिसणारी ही नदी जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात घराघरात शिरली, हे तालुका विसरलेला नाही. पुरात मदतीला येणारी रबरी होडी पाहून आपलीही तशीच आहे असे कुणी समजू नये. ती जाड, इंजिनाची आणि शिकलेल्या जवानांच्या हातातली असते.

राहिले साठलेले पाणी. औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर धरण किंवा एखादा पाझर तलाव. सिद्धेश्वरात वरून येलदरीला वीज तयार करून सोडलेले पाणी येते, म्हणून पातळी बदलत असते. उतरण्याआधी पाटबंधारे खात्याच्या शाखेत विचारावे, परवानगी नाही म्हणाले तर मुकाट्याने परतावे. तलाव मच्छीमार सोसायटीकडे असेल तर त्या मंडळींनाही भेटावे. जाळी कुठे आहेत आणि बाभळीचे बुडालेले खुंट कुठे आहेत, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसते. बाभळीचा काटा हा आपल्याकडे या होडीचा पहिला शत्रू आहे.

दुसरा शत्रू वारा. हवेची होडी पाण्यात रुतत नाही, ती पानासारखी वर तरंगते, म्हणून वारा तिला सहज पळवतो. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या फुगवट्यात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ती तर मोठी प्रवासी होडी होती. एप्रिल-मे महिन्यांत दुपार कलली की वळवाचे ढग कधी उठतील सांगता येत नाही. तेव्हा उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत काठावर यावे. खरा हंगाम पावसाळ्यानंतरचा, दिवाळीपासून पुढे. तलाव भरलेले असतात आणि पाणी शांत असते. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम उलटी करून पाहावी आणि पुन्हा चढता येते का ते तपासावे. त्यात हसायला भरपूर मिळते, पण हा धडा सोडू नये. काठावर लांब दोरी घेतलेला एक माणूस बसलेला असावा.

वर सांगितलेल्या घरात शेवटी काय झाले? मुलाने त्या सुटीत होडी मागवली नाही. दोन जाकिटे घेतली आणि मामाच्या शेतातल्या विहिरीत पोहायला शिकला. होडी दिवाळीला आली, तीही एकट्याची नव्हे. चार मित्रांनी वर्गणी काढली. हे मला फार पटले. वर्षातून दहा-बारा दिवस लागणारी वस्तू एकाच घराने घेण्यात अर्थ नाही, आणि बचत गटाचे कर्ज काढून तर मुळीच नाही. आई अजून होडीत बसलेली नाही. काठावर दोरी धरून बसण्याचे काम मात्र तिने कुणालाच दिलेले नाही.

वापर झाला की होडी गोड्या पाण्याने पुसून सावलीत पूर्ण वाळवावी, नाहीतर घडीत बुरशी धरते. फुगवलेली होडी उन्हात ठेवून जेवायला बसू नये, आतली हवा तापून कप्पा फुटतो. ऊन असेल तर थोडी हवा सोडावी. घडी केल्यावर ती धान्याच्या पोत्यांजवळ ठेवू नये. चार मित्रांच्या त्या होडीला पहिले ठिगळ लागले ते बाभळीच्या काट्याने नव्हे, घरातल्या उंदरामुळे. आता ती पत्र्याच्या पेटीत असते, आणि पेटीची किल्ली आईजवळ असते.