संतोष करंडक : अंतिम सामन्याची नगरे

भारतातील राज्यसंघांची राष्ट्रीय फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धा संतोष करंडक या नावाने ओळखली जाते. हे नाव मुळात एका गावाचे होय. इंडियन फुटबॉल असोसिएशनचे माजी अध्यक्ष सर मन्मथनाथ रायचौधरी हे आज बांगलादेशात असलेल्या संतोष येथील जमीनदार. त्यांच्या स्मरणार्थ हा करंडक ठेवण्यात आला. स्पर्धेला मात्र कायमचे असे गाव लाभले नाही. तेव्हा अंतिम सामन्याचे स्थळ बदलत राहिल्याने काय साधले, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे.

१९४१ साली पहिला अंतिम सामना कलकत्त्यास झाला व त्यात बंगालने दिल्लीचा ५-१ असा पराभव केला. फुटबॉलचे माहेरघर तेच असल्यामुळे हा प्रारंभ स्वाभाविकच होता. परंतु १९४६ मध्ये स्पर्धा बंगलोरला भरली आणि यजमान म्हैसूरने बंगालला हरविले. १९७३ मध्ये एर्नाकुलम येथे केरळने रेल्वेवर ३-२ असा विजय मिळवून पहिले अजिंक्यपद पटकाविले. तिन्ही गोल कर्णधार मणी यांचे होते.

यावरून यजमानपद म्हणजेच विजय, असा निष्कर्ष काढणे युक्त होणार नाही. १९४५ साली मुंबईचा संघ स्वतःच्याच नगरीत बंगालकडून पराभूत झाला, आणि १९५४ मध्ये त्याने करंडक जिंकला तो दूरच्या मद्रासेत. स्थळाचे खरे महत्त्व प्रेक्षकवर्गात आहे. अंतिम फेरी ज्या गावी होते, तेथील सामान्य माणसास देशातील उत्तम खेळ दाराशी पाहावयास मिळतो.

२०२२ साली केरळातील मंजेरीचे क्रीडांगण प्रेक्षकांनी फुलून गेले होते. पुढच्याच वर्षी, ४ मार्च २०२३ रोजी, कर्नाटक व मेघालय यांचा अंतिम सामना सौदी अरेबियातील रियाध येथे झाला. या स्पर्धेचा अंतिम सामना परदेशात होण्याचा हा पहिलाच प्रसंग. भव्य क्रीडांगणामुळे खेळाडूंना एक अपूर्व अनुभव लाभला. परंतु बंगलोर वा शिलाँगच्या रसिकास तेथे जाणे दुरापास्तच होते. २०२४ मध्ये अंतिम सामना अरुणाचल प्रदेशातील युपिया येथे झाला व सेनादलाने गोव्यास १-० असे नमविले.

कलकत्त्यापासून युपियापर्यंतचा हा प्रवास एवढेच सांगतो की, राष्ट्रीय स्पर्धेचे स्थळ निवडताना क्रीडांगणाच्या भव्यतेपेक्षा तेथे कोणास पोहोचता येईल, याचा विचार आधी व्हावयास हवा.