पेशी मरत नाही, फक्त मागे पडते

आजचा भाग समुद्रातल्या वनस्पती प्लवकांवर. पाण्यात तरंगणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हे एकपेशीय जीव. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं हेच करतात. मग किडे मारायला फवारलेलं डीडीटी वाहत समुद्रात पोचलं, तर यांचं काय होतं?

आधी पेशीत ऊर्जा कशी बनते ते बघू. हरितलवकात प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सरकतात. त्यामुळे एका पातळ पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साचतात, धरणात पाणी साचावं तसे. ते पलीकडे जाताना एक चक्र फिरतं आणि एटीपी तयार होतं. एटीपी म्हणजे पेशीचा रोजचा खर्चाचा पैसा.

आता गंमत बघा. डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण मेदात सहज विरघळतं. आणि हा पडदा मेदाचाच! डीडीटी तिथे जाऊन बसतं आणि इलेक्ट्रॉनची वाट अडते.

१९६८ मध्ये अमेरिकेत चार्ल्स वुर्स्टर यांनी दाखवलं, की अब्ज भागांत काही मोजके भाग डीडीटी असलं तरी प्लवकांचं प्रकाशसंश्लेषण मंदावतं. लगेच ओरड झाली, आता ऑक्सिजन संपणार! तसं काही नाही. हवेत २१ टक्के ऑक्सिजन आहे, तो साठा प्रचंड आहे. शिवाय सगळ्याच जातींना सारखा त्रास होत नाही. डुनालिएला नावाच्या हिरव्या शैवालाला फारसा फरक पडत नाही.

खरी मेख इथेच आहे. १९७२ मध्ये वुर्स्टर यांच्याच गटाने थॅलॅसिओसिरा हा डायटम आणि डुनालिएला एकाच भांड्यात वाढवले. एरवी डायटम वरचढ ठरायचा. एकटा असताना ज्या मात्रेने त्याचं काही बिघडत नव्हतं, त्याच मात्रेत शेजारी स्पर्धक आल्यावर त्याची आघाडी घसरली.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे. टेस्टमध्ये कोड एकटा मस्त चालतो, सर्व्हरवर बाकीच्यांसोबत धावला की धापा टाकतो.

म्हणून 'सुरक्षित मात्रा' असं वाचलं की एक प्रश्न विचारा: चाचणी एकट्या जातीवर केली होती का? डायटम छोट्या कवचधारी जीवांचं खाणं, आणि ते जीव माशांचं. समुद्र हिरवाच दिसेल, पण ताटातला मासा कमी झालेला असू शकतो.

भेटू पुढच्या भागात!