तेरा वर्षांनी पाहिलेला चैत्र

नोकरीसाठी मी मस्कतला गेलो 2010 च्या जानेवारीत आणि कायमचा परतलो 2023 च्या मार्चमध्ये, गुढीपाडव्याला चार दिवस असताना. मधल्या काळात गावी येत नव्हतो असं नाही. पण मिळेल ती रजा चतुर्थीला लावायची, हा कोकणातल्या चाकरमान्याचा नेमच. त्यामुळे शिरोड्याजवळची आमची वाडी मी पाहिली ती दर वेळी पावसाळ्यातच, चिंब आणि शेवाळलेली. आंब्याचा मोहोर, काजूची बोंडं, सुरंगी हे सगळं तेरा वर्षं नुसतं फोनवर ऐकलं.

आईचे फोन हेच माझं पंचांग होतं. मोहोर बरा आला, तुडतुड्याने खाल्ला, रातांबे लाल झाले, यावरून तिकडच्या उन्हात मला महिना कळायचा. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या खोलीतल्या सगळ्या कोकण्यांना केवढा आनंद झाला होता! पुढे दोन वर्षं मात्र वाईट गेली. 2020 च्या मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि एप्रिलमध्ये बाबा गेले. मी पोहोचू शकलो नाही. त्या वर्षी काजू गोळा करायला वाडीत कुणी उतरलंच नाही, बोंडं झाडाखाली कुजली. मग 16 मे 2021 चं तौक्ते वादळ. वीज गेली, फोन लागेना. चौथ्या दिवशी आईचा आवाज आला, "घर आसा. मी आसंय. सुरंगी मोडली."

ओमानमध्ये वसंत नाही असं मात्र कुणी समजू नये. एप्रिलमध्ये जबल अख्दरच्या डोंगरउतारावर गुलाब फुलतात, गावोगाव गुलाबजलाच्या भट्ट्या लागतात. तिथले फलज म्हणजे डोंगरातलं पाणी बागांना पोहोचवणारे पाट. त्यातले पाच 2006 साली जागतिक वारसा यादीत गेले. प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली. ती पूर्वी दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून मोजत. त्या पाण्यात हात बुडवला की मला आमच्या पोफळींचा पाट आठवायचा. तो आता कोण साफ करत असेल, हे विचारायचं मात्र मी दर फोनला विसरायचो.

परतलो त्या दिवशी बॅगा पडवीत टाकून तसाच वाडीकडे निघालो. आई म्हणाली, "झिला, पयलां पाय धू, मगे वाडीत जा." दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिनेच मला सुरंगीखाली नेलं. दुबेळक्यातून एक फांदी गेलेली, एक उभी. मोडल्या जागी नवे धुमारे फुटलेले, पण त्यांना नुसती पानं. सुरंगी फुलते ती जुन्या, जाड लाकडावर. उभ्या फांदीच्या गाठीगाठीला टपोरे कळे चिकटून बसले होते. ऊन चढायच्या आत ते काढावे लागतात. एकदा उमलले की वळेसर, म्हणजे गजरा, नीट होत नाही. मी शिडीवर, आई खाली सूप धरून. वर मधमाश्यांची गुणगुण सुरू झाली तशी तिने हाक मारली, "आता उतर."

पोफळींचा पाट मोकळा होता. आळी ओली होती. पंप माझ्या पैशांचा, पण आळ्यांतली माती सत्तरीच्या आईने दर वर्षी एकटीने ओढली होती. वादळानंतर लावलेले सात माड माझ्या कमरेएवढे झाले होते. त्यांची जागाही तिने निवडली, मला विचारलं नाही, आणि ते बरंच झालं. पैसे मी पाठवले. वाडी राखली तिने.

तुमची रजाही दर वर्षी चतुर्थीलाच जात असेल, तर एकदा तरी ती फाल्गुन-चैत्रात घ्या. एप्रिल सरेपर्यंत सुरंगी संपलेली असते.